करवतीच्या दिवसाची गोळी

लाकडाची थप्पी अंगावर कोसळली, त्यात सुताराच्या छातीची हाडं मोडली आणि हृदयातली एक झडप फाटली. हाडं सांधली. झडप मात्र कृत्रिम बसवावी लागली. तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यायची, तीही जन्मभर. बायको म्हणायची, "मला सवत आली म्हणायची. निदान तिचं तरी ऐका!"

करवत पुन्हा हातात येईपर्यंत सुतार ऐकत होता. घरी बसून भिंती खायला उठल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंनी हलक्या कामाला होकार दिला, आणि थोड्याच दिवसांत पटाशी निसटून अंगठ्याला लागली. चीर साधीच, पण रक्त काही केल्या थांबेना. वर्कशॉप मेहुण्याचं. तो घाबरून म्हणाला, "दाजी, पुन्हा असं झालं तर घरीच बसायचं. ताईला मी काय तोंड दाखवू?"

मग सुताराने अक्कल चालवली. करवत-पटाशीचं काम असेल त्या दिवशी गोळी नाही. नुसतं पॉलिश असेल त्या दिवशी घ्यायची. बायको सकाळी हातावर गोळी ठेवायची. हा ती गालात दाबून वर पाणी प्यायचा आणि वर्कशॉपच्या भुशात थुंकायचा. लाकडाचं माप सूतभर चुकू न देणारा हा शहाणा, जिवाचं माप मात्र अंदाजपंचे घेत होता.

तपासणीत रक्त हवं तेवढं पातळ नव्हतं. "गोळी चुकते का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"माझ्या हाताने देते!" बायको ताडकन म्हणाली. "चुकली असेल तर नाव बदलीन."

"मग डोस वाढवू या."

बायकोचा चेहरा पडला. "पथ्यात माझंच काहीतरी चुकत असणार, बाई. पालेभाजीने गोळीचा असर कमी होतो म्हणतात, तीच जास्त होत असेल."

सुतार पेचात पडला. खरं सांगावं तर काम गेलं. गप्प बसावं तर वाढीव डोसने रक्त नको तेवढं पातळ होऊन जीव जायचा. शिवाय ही बिचारी स्वतःलाच दोष देत बसणार. त्याने मान खाली घालून सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. बायको तोंड फिरवून बाहेर पडली. बाहेरच्या बाकावर तोच म्हणाला, "अगं, रक्त थांबलं नसतं तर तुझ्या भावाने घरी बसवलं असतं."

"बसवू दे ना!" तिला रडू फुटलं. "अंगठ्यातून वाहिलं तर मी दाबून धरीन. आत गुठळी झाली तर कुठे दाबू, सांगा!"



दुसऱ्या दिवशी तिने गोळी दिली, पाणी दिलं आणि समोरच उभी राहिली. "आ करा. जीभ उचला."

त्याने मुकाट्याने आ केला. ती वाकून नीट पाहत राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्याच्या शब्दावर कधी शंका घेतली नव्हती.