गुंडूची पाठवणी

निपाणीत जिनेंद्र आणि कांता यांच्या घरी मागच्या खोलीत काचेची मोठी टाकी होती. टाकी त्यांच्या मुलीची, निशाची. निशा बेळगावला कॉलेजात शिकायची. शनिवारी घरी आली की आधी टाकीपाशी जायची, मग आईकडं. टाकीत एकच मासा होता. पंज्याएवढा, काळ्या अंगावर नारिंगी पट्टे असलेला, ऑस्कर जातीचा. त्याचं नाव गुंडू. जवळ दुसरा मासा सोडला तर तो गिळून टाकायचा, म्हणून गप्पी माशांची छोटी टाकी वेगळी ठेवली होती. निशाच्या बोटांतला दाणा मात्र तो पाण्यावर येऊन हलकेच घ्यायचा.

गेल्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं. रक्तातल्या पेशी उतरत गेल्या आणि निशा गेली. एकवीस वर्षांची होती.

त्यानंतर माशांचं सगळं कांता बघू लागली. बघणं म्हणजे काय, खायला घालणं. लेकीची आठवण आली की ती उठायची आणि चिमूटभर दाणे टाकायची. आठवण दिवसातून किती वेळा यावी याला काही मोजमाप नव्हतं. न खाल्लेले दाणे तळाशी कुजायचे, पाणी दुधासारखं गढूळ व्हायचं. गप्पी एकेक करून मरू लागले. कांता उठायच्या आत जिनेंद्र मेलेला मासा काढून परसात पुरून टाकायचा. एका सकाळी ती मागं येऊन उभी राहिली.

"कितवा ह्यो?"

जिनेंद्र खड्ड्यावर माती ओढत राहिला.

"मी खायाला घालतोय म्हणूनच मरत्यात न्हवं?"

"पाणी बदलायला पायजे गं. आपल्याला जमत न्हाय ते."

"मग मारायचं का असं?" ती म्हणाली आणि परसातच मटकन खाली बसली. खराब पाण्यानं गुंडूच्याही डोक्यावर पांढरे खड्डे पडायला लागले होते. दोघांनीही ते पाहिलं होतं, बोललं मात्र कुणीच नव्हतं.

जिनेंद्रचे थोरले भाऊ रायाप्पा पर्युषणाच्या आधी घरी आले. टाकी बघून म्हणाले, "जीव कशाला कोंडून ठेवायचं? तळ्यात सोडूया. जीवदया हुईल. पोरीच्या नावानं त्याहून मोठं काय करणार?"

कांताला ते पटलं. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर जरा हालचाल दिसली. "सोडूया आण्णा," ती म्हणाली. "तेवढं तरी मोकळं होऊ दे."

रविवारी सकाळी तिघं गावाबाहेरच्या तळ्यावर गेले. झाकणाच्या बादलीत गुंडू, बरणीत उरलेले गप्पी आणि एका पिशवीत टाकीतल्या पाणवनस्पती. कांता काठावर वाकली, तिनं बादलीवरचं झाकण काढलं आणि ती णमोकार मंत्र म्हणू लागली. उथळ पाण्यात तळ्यातल्या माशांच्या बारीक बारीक पिलांचा थवा उन्हाला आला होता.

जिनेंद्र त्या पिलांकडं बघत राहिला. गुंडू घरात कसा आला ते त्याला आठवलं. गल्लीतलं एक कुटुंब घर बदलत होतं आणि मासा याच तळ्यात सोडायला निघालं होतं. निशा त्यांच्या स्कूटरसमोर आडवी उभी राहिली होती. "काका, त्यो इथला न्हाय. इथली पिल्लं खाऊन संपवंल, न्हायतर थंडीत स्वतःच मरंल. द्या मला." लोक बघत होते आणि जिनेंद्रला लाज वाटली होती.

"थांब," तो म्हणाला. "सोडू नको."

कांतानं मान वर केली.

"तिला हे चाललं नसतं. ह्यो मासा तिनं तळ्यात जाऊ दिला न्हवता, ठाऊक हाय न्हवं तुला? ती पिल्लं बघ. ह्यो त्यास्नी सोडणार न्हाय. ही झाडं पण इथं पसरली तर सगळं तळं झाकून टाकतील."

"अरं, देवाचं नाव घेऊन सोडतोय आपण," रायाप्पा म्हणाले.

"नाव आपण घेणार आण्णा, मरणार ती."

कांताचे हात बादलीच्या काठावर तसेच राहिले. "मला येवढं तरी करू द्या की वो," ती म्हणाली. "तिच्यासाठी मला काय करताच आलं न्हाय. दवाखान्यात नुसती बसून राहिलो मी. येवढं तरी करू द्या."

जिनेंद्र तिच्याजवळ चिखलात बसला. त्याला समजूत घालता येत नव्हती, कधीच आली नव्हती. त्यानं झाकण उचललं आणि तिच्या हातात दिलं. बराच वेळ ती ते धरून बसली. मग तिनंच बादलीवर झाकण लावलं. रायाप्पा मान फिरवून उभे होते, त्यांचेही डोळे भरले होते.

निशा ज्याच्याकडून दाणे आणायची तो नागेंद्र बेळगावात अनगोळला शोभेच्या माशांचं दुकान चालवायचा. जिनेंद्रनं त्याला फोन केला. गप्पी घेतो म्हणाला; आधी वेगळ्या टाकीत ठेवीन, ठीक दिसले की कुणाला तरी देईन. गुंडूला मात्र त्याच्याकडं जागा नव्हती. "एवढ्या मोठ्याला छोट्या टाकीत कोंबून काय उपयोग?" तो म्हणाला. "इथं जवळच हिंडलग्याला नीलम मॅडम आहेत, शाळेत शिकवतात. त्यांच्याकडं मोठी टाकी रिकामी आहे. विचारतो."

आणि झाडांचं? त्यांना गोगलगाईंची अंडी चिकटलेली होती, त्यामुळं झाडं कुणाला देण्यासारखी नव्हती. "ओढ्यात, गटारात टाकू नका," नागेंद्र म्हणाला. "कडकडीत वाळवा आणि मग कुंडीतल्या मातीत पुरा."

कांतानं झाडं गच्चीवर पसरली. निशानं एकेक काडी दगडाला दोऱ्यानं बांधून लावली होती. ते दोरे सोडवायला कांताला अख्खी दुपार लागली. "हे बी जीवच," ती स्वतःशीच म्हणत होती. संध्याकाळी जिनेंद्र वर गेला तेव्हा ती तिथंच होती. अर्धवट सुकलेल्या पानांवर तिनं आपली सावली धरली होती. तिला हाताला धरून तो खाली घेऊन आला.

गुंडूला ठेवून घ्यायला नीलम तयार झाली. नेण्याच्या आदल्या दिवशी त्याला खायला घालायचं नाही, असं तिनं सांगितलं होतं. खाल्लेलं असलं की प्रवासात पाणी खराब होतं. तो दिवस कांतानं कसा काढला तिचं तिलाच ठाऊक. गुंडू काचेला तोंड लावून तिच्या हाताकडं बघत राहायचा आणि ती पदर तोंडाला लावून बाहेर जायची.

गाडीत मागच्या सीटवर बादली मांडीशी धरून ती बसली. हवेचा छोटा पंप बादलीत बुडबुडत होता. वंटमुरीच्या घाटात गाडी वळली की ती बादलीला छातीशी धरायची. अनगोळला गप्पी उतरवले आणि ते दोघं हिंडलग्याला गेले.

नीलमनं टाकी आठवडाभर आधीच भरून तयार ठेवली होती. तिनं पिशवीत आधी बादलीतलं पाणी घेतलं, त्यात गुंडूला सोडलं आणि पिशवी टाकीत तरंगत ठेवली. नवं पाणी त्यात थोडं थोडं मिसळत राहिली. कांता कडेला उभं राहून सांगत होती, "दाणा बोटांत धरायचा, वरनं टाकायचा न्हाय. आणि त्याला हाक मारायची. हाक मारल्याबिगर येत न्हाय त्यो."

"मारीन की," नीलम म्हणाली. "काय म्हणायची तुमची मुलगी त्याला?"

कांता टाकीकडं पाठ करून उभी राहिली. जिनेंद्रनं तिला बाहेर नेलं.

पहिले काही दिवस गुंडूनं दाण्याला तोंडही लावलं नाही. नीलमचा फोन यायचा तेव्हा कांता म्हणायची, "परत आणूया. आपल्याबिगर जगणार न्हाय त्यो." जिनेंद्र म्हणायचा, थोडं थांबूया. त्यालाही झोप लागत नव्हती.

मग महिनाभरानं एके दिवशी दुपारी नीलमनं व्हिडिओ पाठवला. टाकीचं पाणी स्वच्छ होतं. गुंडूच्या डोक्यावरचे खड्डे भरत आले होते. नीलमनं हाक मारली, तसा तो खालून वर आला आणि तिच्या बोटांतला दाणा हलकेच घेऊन गेला.

कांतानं तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. "अंग धरलंय की," ती म्हणाली. "चांगलं झालं. लई चांगलं झालं." आणि फोन उशाखाली सारून ती भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. तिची पाठ हलत होती.

"आता काय झालं गं?" जिनेंद्र म्हणाला. "खातोय न्हवं त्यो?"

"खातोय. दुसऱ्याच्या हातनं खातोय." भिंतीकडं बघतच ती म्हणाली, "तिला ओळखणारं आणखी एक कमी झालं बगा."

"मी हाय की."

"तुमी तिचं नाव तरी घेतासा का?"

जिनेंद्र पलंगाच्या कडेला टेकला. खिडकीबाहेर गल्लीत कुणीतरी गाडी चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. त्यानं बायकोच्या पाठीवर हात ठेवला.

"निशा," तो म्हणाला. त्याला आणखी काही सांगायचं होतं, पण तेवढंच आलं.