वाऱ्याची वाकळ

भूमच्या माळावर विमान शिकवणारी शाळा आली आणि उमाबाईच्या नवऱ्याला, भीमाशंकरला, तिथं राखणदारी मिळाली. धावपट्टीच्या कडेला खांबावर एक कापडी नळकांडं असतं. वाऱ्यानं ते फुगून आडवं झालं, की शिकणारी पोरं त्यावरून उतरायची दिशा ठरवतात. पण माळावरचा वारा महाद्वाड, दर दोन महिन्यांनी त्याच्या चिंध्या करायचा. नवं काही येईना, तेव्हा भीमाशंकर बायकोला म्हणाला, "तूच शिव. पर असं शिव, की परत फाटाय न्हाय पायजे."

आता उमाबाईची वाकळ म्हणजे पंचक्रोशीत नाव! लग्नात दिलेली गोधडी नातवंडं पांघरतात. तिनं चार जुनी लुगडी थरावर थर घातली, बोटाबोटावर धावदोरा मारला, तोंडाला गोट लावला. खांबावर चढवायला दोन गडी लागले. आठवडाभर वारा घोंघावला, पण एक टाका उसवला नाही. नळकांडं हललंसुद्धा नाही, पण तिकडं लक्ष कोणाचं!

आठव्या दिवशी प्रतीक्षा एकटीच विमान घेऊन उतरायला आली. रोज उमाबाईच्या हातची भाकरी खाणारी, तिला मावशी म्हणणारी ही पोर. वरून तिला दिसलं, नळकांडं सरळ लोंबतंय, म्हणजे वारा पडलाय. ती बिनधास्त उतरली आणि पाठीमागच्या वाऱ्यानं असं रेटलं, की विमान थांबायचं नाव घेईना. धावपट्टी संपली, तारेचं कुंपण गेलं आणि विमान शेजारच्या गफारचाचांच्या सोयाबीनमध्ये नाक खुपसून बसलं. प्रतीक्षा टुणकन बाहेर आली. साधं खरचटलंही नव्हतं.

सगळं गाव लोटलं. कुणी म्हणालं ब्रेक गेला, कुणी म्हणालं अमावस्या भोवली. गफारचाचांना वेगळीच चुटपुट लागली होती.

"बेटी, फाटक उघडंच व्हतं की. तारंतनं कशाला आलीस?"

तिसऱ्या दिवशी चौकशीचे साहेब आले. "एवढा वारा सुटलेला आणि तुम्हाला कळला नाही? मग तुमचं शिक्षण इथंच थांबवावं लागेल."

प्रतीक्षा मान खाली घालून उभी राहिली. नोकरीच्या भीतीनं भीमाशंकर डोळ्यांनी उमाबाईला 'गप, गप' करत होता. तिनं पदर खोचला आणि खांबावरच्या नळकांड्याकडं बोट केलं.

"साहेब, पोरीची चूक न्हाय. त्ये म्या शिवलंय."

साहेबांनी नळकांडं खाली उतरवून घेतलं. एकदा उचलून पाहिलं, पुन्हा उचलून पाहिलं, आणि हसू दाबता दाबता त्यांची मिशी थरथरायला लागली. भीमाशंकरला चांगली समज देऊन ते मोठ्यानं म्हणत लिहू लागले, "वैमानिकाचा दोष नाही. अपघाताचं कारण, वाऱ्याची पिशवी फार जड."

प्रतीक्षा रडत, हसत मावशीच्या गळ्यात पडली. भीमाशंकरनं सुटकेचा श्वास टाकला. उमाबाईचं लक्ष मात्र साहेबांच्या कागदावर होतं.

"जड नका लिवू, साहेब," ती पोरीच्या मिठीतनंच म्हणाली. "टिकाऊ लिवा."