मांजरांची वही

हेमेंद्र रहांगडालेला कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्याच्या वीजविभागात नोकरी लागली. एक एप्रिलला हजर व्हायचं होतं. पत्र आलं त्याच संध्याकाळी त्याची बायको रेणू कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशे पानी वही घेऊन आली आणि पहिल्या पानावर तिनं लिहिलं : तिरोडा ते कोल्हापूर, साडेनऊशे ते हजार किलोमीटर. ढब्बू, चिंगी.

ही त्यांची मांजरं. ढब्बू पाच वर्षांचा बोका, केशरी, जड, नसबंदी केलेला. चिंगी मागच्या दिवाळीत आपण होऊन घरात शिरलेली, अजून अर्धी रानटी. रेणूला मूल झालं नव्हतं आणि त्याबद्दल घरात आता कोणी बोलत नसे. ती तिरोड्यातल्या एका खाजगी लॅबमध्ये रक्त तपासायची. कामाची सवय असेल, पण कुठलीही गोष्ट लिहून ठेवल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

घरातला तिसरा माणूस म्हणजे मनिराम, हेमेंद्रचे वडील, रेणूचे मामाजी. वय चौऱ्याहत्तर. त्यांचं गाव नवेगाव बांधच्या पलीकडे. चार वर्षांपूर्वी बायको वारली तेव्हा मुलानं त्यांना तिरोड्याला आणलं आणि धानाची शेती त्यांचा धाकटा भाऊ चैतराम पाहू लागला. भाड्याच्या घरात मनिराम सकाळी अंगणात बसत, दुपारी झोपत, संध्याकाळी स्टेशनपर्यंत चालून येत.

"मांजराले कोन गाडीत नेते?" वही पाहून ते म्हणाले. "गोंदियाहून कोल्हापूरले सिधी रेल्वे आहे. इथं बसलं का तिथं उतरलं."

"रेल्वेत त्यांना सामानाच्या डब्यात टाकतात, मामाजी. एवढा लांबचा प्रवास. ढब्बू मरून जाईल."

"मरत नाई बिल्ली," मनिराम म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

वहीत रोज भर पडत गेली. गाडी लहान आणि जुनी. मागच्या सीटवर डावीकडे दोन पिंजरे एकावर एक बसत होते. पिंजरे महिनाभर आधीपासून घरात उघडे ठेवायचे आणि खाणं त्यातच द्यायचं, म्हणजे भीती मोडते. आत घरच्या वासाची चादर घालायची, धुतलेली नको. निघण्याआधी चार तास पोट रिकामं. दर दोन तासांनी थांबायचं, पण काचा बंद केल्याशिवाय पिंजऱ्याचं दार उघडायचं नाही. यवतमाळच्या पुढे ऊन तापणार म्हणून उजाडतानाच निघायचं. मुक्काम नांदेडला. त्यासाठी तिनं तिथल्या बारा लॉजना फोन केले. एकानं विचारलं, "मॅडम, मांजरांचं सोडा, माणसं किती?" बाराव्यानं लगेच हो म्हटलं. त्याच्या घरी तीन मांजरं होती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती दोघांना गोंदियाला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. ढब्बू वाटेत दोनदा ओकला. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, प्रवासातल्या उलटीसाठी गोळी लिहून दिली आणि चिंगीच्या पोटावर हात फिरवताना थांबले.

"ये तो पेट से है, मॅडम. दो हफ्ते और, बस."

रेणूनं मनात मोजलं. निघायची तारीख अठ्ठावीस मार्च. पिल्लं तेव्हा आठ-दहा दिवसांची असतील, डोळेही धड उघडलेले नसतील.

"ले जा सकते हो," डॉक्टर म्हणाले. "माँ के साथ रखना, और बार-बार हाथ मत लगाना."

त्या दिवशी वहीत पिल्लांसाठी नवं पान सुरू झालं.

पुढच्या रविवारी लांबच्या प्रवासाची तालीम होती. हेमेंद्रला अजून तिरोड्याच्याच वीज प्रकल्पात ड्युटी होती, म्हणून रेणू एकट्या ढब्बूला घेऊन निघाली. नवेगाव बांधपर्यंत जायचं आणि परत यायचं. ती पिंजरा गाडीत ठेवत असताना मनिराम धुतलेला सदरा घालून दारात आले.

"तिकडंच जाऊन राहिली, तं मलेही घेऊन चाल."

ढब्बू वाटेतल्या गोरेगावपर्यंत एकसारखा ओरडला आणि मग झोपला. मनिराम खिडकीतून शेतं पाहत होते. चैतरामच्या घरी चहा झाला. रेणूनं ओसरीवर बसून वेळा लिहून घेतल्या, ढब्बूला पाणी पाजलं, आणि निघायला उठली तेव्हा मनिराम कुठेच नव्हते. चैतरामची बायको शामकला तिला घेऊन मागच्या बांधीकडे, धानाच्या खाचराकडे गेली. उन्हाळी धान घोट्याच्या वर आलं होतं. मनिराम धोतर खोचून पोटरीएवढ्या चिखलात उभे होते आणि वाकून गवत उपटत होते. रेणूनं दोनदा हाक मारली. ते पुढची ओळ संपवूनच वर आले.

परतीच्या वाटेवर त्यांच्या पायांचा चिखल गाडीत वाळत गेला. घरी आल्यावर रेणूनं लिहिलं : परतीत ढब्बूला उलटी नाही. गोळी लागू पडली.

एकोणीस तारखेला चिंगीनं कपड्यांच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, चार पिल्लं दिली. रेणूनं तो कप्पा सोडून बाकीचं घर बांधायला घेतलं. पण खोकी ओढण्याचा आवाज होता, चिकटपट्टी फाडण्याचा आवाज होता, टेम्पोवाला येऊन पलंगाची मापं घेऊन गेला. पंचवीस तारखेला सकाळी ती कामावरून निरोप घेऊन परत आली तर कप्पा रिकामा होता. साडीची घडी तेवढी होती, मधोमध खळगा पडलेली.

तिनं सगळी खोकी उघडली. टाकीमागे पाहिलं, जिन्याखाली पाहिलं, शेजारच्या नालीत विजेरी मारली. संध्याकाळी चिंगी एकटीच आली, भराभर खाल्लं आणि भिंतीवरून पलीकडे गेली. रेणू फाटकातून बाहेर धावेपर्यंत ती दिसेनाशी झाली.

"मामाजी, तुम्ही इथंच बसले होते ना? कुठं गेली ती?"

"बिल्ली काय सांगून जाते का बाई," मनिराम म्हणाले.

हेमेंद्र घरी आला तेव्हा अर्धी बांधलेली खोकी परत सुटलेली होती. तो दारातच उभा राहिला. "एक मांजर राहिलं तर राहू दे. इथलीच आहे ती, जगेल. परवा टेम्पो येणार आहे, रेणू."

"पाच आहेत," रेणू म्हणाली.

सव्वीस तारीखही शोधण्यात गेली. सत्तावीसला सकाळी ती गच्चीवर कपड्यांची दोरी सोडायला गेली असताना तिला खाली मनिराम दिसले. हातात स्टीलची वाटी होती आणि सांडू नये म्हणून ते अगदी हळू चालत होते. शेजारच्या केशोरावांच्या गोठ्यात ते शिरले.

रेणू मागोमाग गेली. गोठ्याच्या कोपऱ्यात धानाच्या तणसाचा, वाळल्या पेंढ्याचा ढीग होता. त्याच्या पोटात, भिंतीच्या बाजूनं, चिंगी आडवी पडली होती आणि चारही पिल्लं तिला लुचत होती. मनिराम पालथ्या टोपल्यावर बसले होते. वाटीतलं दूध त्यांनी तिच्या तोंडाजवळ सरकवलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं," रेणू म्हणाली.

"पयल्या दिवसापासून. एकेक करून आनलं तिनं, मानेले धरून. चार खेपा केल्या. मी पाहूनच राहिलो होतो."

"मग सांगितलं काऊन नाही? दोन दिवस मी वेड्यासारखी फिरून राहिले."

मनिराम पिल्लांकडे पाहत राहिले.

"तुही वही वाचली म्या," ते म्हणाले. "चांगली लिहिली. मांजराले कुठं पानी पाजाचं, कुठं थांबाचं, कोनती गोळी द्याची, सारं आहे. माह्याबद्दल एक ओळ आहे. मागच्या सीटवर उजवीकडं, मामाजी."

ती ओळ रेणूला आठवत होती. पिंजऱ्यांच्या चित्राखाली तिनं ती लिहिली होती, जागा मोजताना.

"येता का, असं कोनी विचारलं नाई मले. ना त्यानं, ना तू."

"तुम्ही येणार हे धरूनच चाललो होतो, मामाजी. तुम्हाला एकटं कसं सोडणार?"

"ते खरं आहे."

गाय उठून उभी राहिली. दोघं ती परत बसेपर्यंत थांबले.

"मग आता विचारते," रेणू म्हणाली. "येता का कोल्हापूरले?"

"नाई."

त्यांनी लगेच सांगितलं, जणू शब्द तोंडात तयारच होता. मग थोड्या वेळानं म्हणाले, "तिकडं मी काय करू? इथंच कायी करत नाई. चैतराम मनते, ये. गुडघ्यानं त्याच्याच्यानं आता होत नाई सारं. आन या बिल्लीले हलवू नको. पिलं लहान आहेत. मी घेऊन जातो हिले गावाले, जाईन तवा."

हेमेंद्र दुपारी आला आणि ऐकून चिडला. आधी वडिलांवर, मग रेणूवर. म्हाताऱ्या बापाला काकाच्या दारात टाकून पोरगा निघून गेला, असं सारं गाव म्हणेल. चार वर्षं सांभाळलं ते कोणी पाहणार नाही.

"त्यांना यायचं नाही," रेणू म्हणाली. "आपण विचारलंच नव्हतं."

"विचारायचं काय त्यात? तुला तरी मी कुठं विचारलं होतं?"

रेणू खोक्याला पट्टी लावत होती, ती लावून झाली, टोक तिनं दातानं तोडलं. खरोखरच त्यानं विचारलं नव्हतं. पत्र दाखवलं होतं, आणि ती वही आणायला गेली होती.

"नव्हतं विचारलं," ती म्हणाली.

हेमेंद्र बाहेर अंगणात जाऊन उभा राहिला. मनिराम तिथेच खुर्चीवर होते. आतून रेणूला दोघांचे आवाज ऐकू येत होते, चढलेले नव्हते. हेमेंद्र विचारत होता, औषधं कोण आणणार, बीपी वाढलं तर काय. मनिराम म्हणत होते, नवेगावले दवाखाना आहे.

शेवटी बेत एक दिवसानं पुढे गेला. रेणूनं नांदेडच्या लॉजला फोन करून कळवलं. अठ्ठावीसला टेम्पोत सामान चढलं आणि हेमेंद्र त्याच्याजवळ थांबला. रेणूनं तणसासकट पिल्लं मोठ्या पिंजऱ्यात ठेवली. चिंगीला पकडताना तिच्या मनगटावर तीन ओरखडे उठले. मनिराम मागच्या सीटवर, पिंजऱ्याच्या शेजारी बसले, आणि गाडी गावाकडे निघाली.

चैतरामच्या घरी शामकलानं धानाच्या कोठीमागे जागा करून ठेवली होती. रेणूनं मनिरामच्या गोळ्या तिच्या हातात दिल्या, सकाळच्या आणि संध्याकाळच्या वेगळ्या करून, आणि वहीतलं एक पान फाडून त्यावर वेळा लिहिल्या. मनिरामनी ते पान खिशात घातलं.

"गाडी हळू चालवजा," ते म्हणाले. रेणू त्यांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लवकर काढून घेतला.

एकोणतीसला उजाडता उजाडता ते दोघं आणि ढब्बू निघाले. मागची सीट बरीचशी मोकळी होती. नागपूर सुटेपर्यंत ढब्बू ओरडला. नंतर फक्त स्पीडब्रेकरवर ओरडे. नांदेडच्या लॉजवाल्यानं त्याच्यासाठी वाळूचं घमेलं तयार ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सोलापूरच्या पुढे उन्हात गाडी तापली आणि एका धाब्यावर दोन तास थांबावं लागलं. रात्री कोल्हापुरात पोचल्यावर ढब्बू रिकाम्या स्वयंपाकघरात ओट्याखाली शिरला आणि तीन दिवस बाहेर आला नाही.

मनिराम आठवड्यातून एकदा फोन करत, रेणूच्या मोबाइलवर. एक पिल्लू गावातल्या बोक्यानं नेलं. दोन राइस मिलवाल्यानं मागून नेली, मिलमध्ये उंदीर फार. एक घरात राहिलं. हेमेंद्र नेहमी जवळपास असे आणि फोन घेत नसे. "बरे आहेत ना?" एवढं विचारून तो टीव्हीकडे वळे.

जूनमध्ये एका रविवारी फोन वाजला तेव्हा रेणूचे हात पिठात होते. हेमेंद्रनं फोन उचलला आणि गॅलरीत गेला. वीस मिनिटं तो तिथेच होता. काचेतून रेणूला त्याची पाठ दिसत होती. एकदा तो हसला, एकदा त्यानं कपाळाला हात लावला.

आत आल्यावर तो म्हणाला, "चैतरामकाकाचा पाय मुरगळला आहे. बाबा एकटेच बांधीत धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकून राहिले." फोन चार्जरला लावून तो जरा वेळ तिथेच उभा राहिला. तो काळजीत होता की खूश, हे रेणूला कळलं नाही. तिनं पुढची पोळी लाटायला घेतली.