धोंडूचा ठसा

टण्.

तुळसाने कोयत्यावर हातोडी मारली, आवाज विरेपर्यंत ऐकला आणि कोयता उजवीकडच्या पेटीत टाकला. पुढचा थप् वाजला. तो डावीकडे, पुन्हा भट्टीत जायला. चिपळूणला, वाशिष्ठीकाठच्या शिगवणांच्या अवजार कारखान्यात पस्तीस वर्षं एकही कोयता तिला ऐकवल्याशिवाय बाजारात गेला नव्हता. "माजं ऐकत नाय, लोखंडाचं मातर ऐकते," असं तिचा नवरा धोंडू सगळ्यांदेखत म्हणायचा. भट्टीतून काढलेल्या पात्याला पाणी देण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

तिसरा कोयता वाजला आणि तुळसाचा हात थांबला. आवाज संपेचना. असं पाणी एकच माणूस द्यायचा. तिने कोयता उलटा केला. कारखान्याच्या नावाखाली कारागिराचा ठसा होता, शेपूट तुटलेला मासा. खाचेत ओला गाळ होता.

धोंडूला जाऊन चार वर्षं झाली होती.

श्रावणापासून हा सातवा. चाळीस पाती भट्टीत गेली की कधी कधी एकेचाळीस कोयते बाहेर यायचे. तुळसाने तो पदराआड घेतला.

"काकी, ठशांचं काय ते सांगा ना," समोर बसलेली योगिनी म्हणाली. मालकांची ही नात. कारखान्याला पंच्याहत्तर वर्षं होत होती आणि ती त्याचा इतिहास लिहायला बसली होती.

तुळसाने पुढचा कोयता उचलला, तेव्हा भट्टीवरचा काशीराम बोलला. "तुज्या पणज्याचा नियम हाय बाय. पात्यावर ठसा ठोकायचा ज्याचा त्याचा लोखंडी खिळा येगळा, त्यालाबी ठसाच म्हनायचं. मानूस काम सोडून गेला, नायतर वर गेला, की त्याचा ठसा त्याच्याच ऐरणीखाली पुरायचा. तवर तो कामावरच. त्याच्या ऐरणीला दुसऱ्यानं हात लावायचा नाय."

"मग धोंडूकाकांची ऐरण अजून तशीच का?"

"ठसा पुरात गेला ना. पानी चढताना तोच आनायला परत कारखान्यात गेलेला तो." काशीरामने तुळसाकडे पाहिलं आणि नजर वळवली.

ठसा पुरात गेला नव्हता. तो तुळसाच्या घरी तांदळाच्या डब्यात होता. तिसऱ्या दिवशी धोंडू खाडीकडे सापडला तेव्हा त्याची मूठ मिटलेली होती. तिने एकेक बोट सोडवून ठसा काढला आणि कनवटीला लावला. नियम तिला पाठ होता. ठसा दिला की सगळंच संपलं. माणूस घरातून गेला तो गेला, निदान कामावरून तरी जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं. यात कुणाचं काय बिघडणार होतं?

जेवणाच्या सुट्टीत ती कोपऱ्यातल्या ऐरणीपाशी गेली. ताडपत्री उचलून तळवा टेकवला. लोखंड ओलं होतं आणि कोमट.

"रोजच आसती तशी," मागून काशीराम म्हणाला.

तिने वळून पाहिलं नाही.

"वैनी, त्याची मूठ मी आदी बघितलेली. मिटलेली हुती. तुमी बसून उठलात, तवा उघडी."

"मग बोललात का नाय भावजी?"

"तुमी द्याल तवा द्याल, म्हटलं." त्याने ताडपत्रीचं टोक सरळ केलं. "पन चार वर्षं झाली गो. एक सुट्टी नाय त्याला. पाय किती दुखायचे त्याचे, तुमाला ठावं हाय."

तुळसाला रडू फुटलं. रोज संध्याकाळी त्या पायांना तेल तिनेच चोळलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने ठसा आणला. खाचेत तांदळाची कणी अडकली होती, ती तिने नखाने काढली. दोघातिघांनी पहार घालून ऐरण बाजूला केली. खाली जांभ्याची कोरडी जमीन असायला हवी होती. निघाला नदीचा काळा गाळ, पुरात येतो तसा, आणि त्यात पायांचे दोन खड्डे, टाचांशी खोल रुतलेले. योगिनीने फोटोसाठी धरलेला मोबाइल खाली घेतला.

तुळसाने ठसा त्या दोन खड्ड्यांच्या मधोमध ठेवला. "लय झालं," ती हळूच म्हणाली. "आता बसा जरा."

ऐरण जागेवर बसली. काशीरामने तिच्यावरून हात फिरवला आणि तळवा तिला दाखवला. कोरडा होता.

दुपारी नवे कोयते आले. चाळीस पाती गेली होती, चाळीसच कोयते आले. तुळसाने सगळे वाजवले. सगळे चांगले होते, एकही परत पाठवण्यासारखा नव्हता. भोंगा झाला, माणसं हातपाय धुऊन घरी निघाली.

तुळसाने पेटी पुन्हा पुढ्यात ओढली आणि पहिल्यापासून एकेक वाजवायला घेतला.