सुतकातले गड्डे

मेंढरू आजारी पडलं की आधी त्याचे कान गार होतात.

कोळारच्या शीतगृहात कामाला जाणाऱ्या बायकांना दारात स्वेटर मिळत. सगळे पुरुषी मापाचे. बाह्या दोनदा दुमडाव्या लागत.

मन्नाएखेळ्ळीच्या हमरस्त्यालगत लग्नमंडपांच्या लोखंडी कमानी वर्षभर उन्हात उभ्या असतात; फुलं चढतात ती लग्नसराईत.

ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्यानं दहा दिवस तिफणीला शिवायचं नाही. तिफणीला नाही, बी सोडायच्या मोघ्याला नाही, बियाण्याला तर नाहीच नाही.

गड्ड्याला डोळा असतो. तो आभाळाकडे करून ठेवला नाही तर कोंब वाकडा निघतो.

गणपती उठले त्याच्या पाचव्या दिवशी धुळाप्पानं बांधावर बसून पाण्यासाठी हात वर केला, आणि हात वर असतानाच तो कलंडला.

*

अनसाबाईला वास आला तो तिचा नवरा धुळाप्पा गेल्याच्या सहाव्या दिवशी सकाळी.

आधी तिला वाटलं, उंदीर मेला असेल. मग वाटलं, उदबत्तीचा वास शिळा झाला की असाच येतो. मग तिनं स्वतःलाच फसवायचं थांबवलं. ती उठली आणि बियाण्याच्या खोलीच्या दाराला नाक लावून उभी राहिली. गोडसर, ओला, नासक्या बटाट्यासारखा वास. आत तिच्या नवऱ्याचे गड्डे सडत होते.

ग्लॅडिओलसचे गड्डे. हे नाव गावात कुणाच्याच जिभेवर बसलं नाही, म्हणून सगळे नुसतं ‘दांडीचं फूल’ म्हणत. पांढरी, लाल, केशरी फुलं धुळाप्पा बाजारच्या बियाण्यातून घ्यायचा आणि हैदराबादला पाठवायचा. त्यांचं कौतुक नव्हतं. कौतुक होतं ते एका जातीचं. अकरा वर्षांपूर्वी पांढऱ्याच्या पोत्यात कुठून तरी एक वेगळा गड्डा आला होता. फूल दुधासारखं आणि आत घशाशी जांभळी रेघ, जशी शाईच्या बोटानं ओढलेली. धुळाप्पानं ती दांडी तोडली नाही. वावरातच वाळू दिली. खालचा गड्डा काढला, त्याच्या बुडाशी चिकटलेली वाटाण्याएवढी पिलं वेगळी केली आणि पुढच्या साली लावली. पिलाला फूल यायला दोन वर्षं लागतात. त्यानं दोन वर्षं वाट पाहिली. मग पुन्हा पिलं, पुन्हा दोन वर्षं. एका गड्ड्याचे असे बावीस क्रेट झाले होते. दुसरीकडे कुठेच ते फूल नव्हतं. मागायला लोक आले, कडगंचीच्या विद्यापीठातला एक मास्तरही येऊन गेला, पण धुळाप्पानं फूल दिलं, गड्डा दिला नाही. नवरा-बायकोला मूलबाळ नव्हतं. लोक त्यावरून जे बोलायचं ते बोलत.

उन्हाळ्यात काढलेले गड्डे कोळारच्या थंड गोदामात ठेवायचे, भादव्यात घरी आणायचे, पंधरा-वीस दिवस सावलीत पसरून हवा द्यायची, डोळा फुगला की घटस्थापनेच्या सुमारास लावायचे. ह्या पंधरा दिवसांतच खरी मेख असते. थंडीतून उबेत आलेला गड्डा घामेजतो. एक सडला तर शेजारचे चार घेऊन जातो. म्हणून धुळाप्पा रोज सकाळी प्रत्येक क्रेटमध्ये हात घालायचा. डोळ्यानं बघायचा नाही, तळहातावर तोलायचा. मेंढपाळाचा नातू तो. कोकराचं वजन हातानं सांगणाऱ्या घरातला. जड तो जिता, हलका तो मेला.

सहा दिवस आत कुणाचा हात गेला नव्हता.

*

घोंगडं.

ज्या दिवशी धुळाप्पाला अग्नी दिला, त्याच संध्याकाळी थोरला भाऊ सिद्धराम बियाण्याच्या खोलीत शिरला होता. अग्नी त्यानंच दिला होता. अंगावरच्या पंच्याचं पाणी अजून निथळत होतं. घरात मयत झालं की बियाणं उघडं ठेवू नये, त्याच्यावर सुतकाची सावली पडते, असं त्यांच्या बापानं शिकवलेलं. पूर्वी ज्वारीच्या कणगीवर घोंगडं टाकत. सिद्धरामनं गड्ड्यांना हात न लावता क्रेट एकावर एक रचले, आपल्या खांद्यावरचं आणि धुळाप्पाचं अशी दोन्ही घोंगडी त्यांच्यावर चहूबाजूंनी पांघरली, कडा दगडांनी दाबल्या, दाराला कडी घातली.

“अनसा,” बाहेर येऊन तो म्हणाला, “दहा दिस ही कडी काडायची न्हाई. बियाण्याला सुतकातला हात लागला तर त्याचा जीव हितंच घुटमळत ऱ्हाईल.”

कोरड्या ज्वारीला घोंगड्यानं काही होत नाही; घामेजलेला गड्डा गुदमरतो. हे त्या दोघांपैकी कुणाच्याही ध्यानात आलं नाही.

*

तिनं मनात एकेक माणूस घेऊन पाहिलं. दीर, जाऊ, पुतण्या, सगळ्यांना सुतक. भावकी म्हणजे निम्मी आळी, तीही गेली. गावात ज्यांना धुळाप्पाचं सुतक नाही अशी घरं पुष्कळ होती. पण सडका गड्डा बोटाला कळणारी माणसं त्यांत नव्हती. अडाण्याच्या हातानं अर्धे जिते उकिरड्यावर गेले असते.

राहिली एक सुमनबाई, गावाबाहेरच्या वस्तीतली.

सुमनबाईनं कोळारच्या गोदामात नऊ वर्षं निवडायचं काम केलं होतं आणि गेली सात वर्षं ती धुळाप्पाच्या वावरात होती. फुलं तोडायची, गड्डे काढायची, निवडायची. निवडायची तीही खोलीच्या बाहेर, ओसरीखाली. क्रेट बाहेर यायचे. निवडून झाले की धुळाप्पा स्वतः आत न्यायचा. आत देवळीत बिरोबा होता. सुमनबाईला आत येऊ नको असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. म्हणायची वेळच येऊ दिली नव्हती.

अनसाबाईनं डोक्यावरून पदर घेतला आणि सुतकात दुसऱ्याच्या दारी जाऊ नये हे माहीत असून निघाली.

*

सुमनबाई अंगणात उडदाच्या शेंगा बडवत होती. काठी खाली ठेवून उठली.

“अनसाक्का? आवो, तुमी कामून आलाव? निरोप धाडायचा व्हता.”

“कुणाच्या हाती धाडू? मी हितंच उबी ऱ्हाते. सुतक हाय मला.”

“आमच्यात न्हाई सुतक. या, बसा.”

“म्हनूनच आले.”

सुमनबाईचा पुढे झालेला हात थांबला. तो हात तिनं लुगड्याला पुसला, धूळ नव्हती तरी.

“म्हंजे?”

“गड्डे सडायलेत. भावजींनी झाकून कडी घातलीया. मला शिवायला येत न्हाई. तुला तर…”

“मला सुतक न्हाई. व्हय.” सुमनबाईनं पायानं शेंगा एकीकडे सारल्या. “आन् बिरोबा? सात वर्सं उंबऱ्याच्या अलीकडं बसायले मी. तो काय गावाला गेलाय का?”

“मी बोलीन त्याच्याशी.”

सुमनबाई हसली. हसू आलं तसं गेलं. “त्याच्याशी बोला मागून. आदी माझ्याशी बोला.”

अनसाबाईनं खाली पाहिलं. उडदाचं तूस तिच्या पायांवर उडून बसलं होतं.

“बगा,” सुमनबाई म्हणाली, “धुळाप्पा अण्णा चांगला मानूस व्हता. त्याचे गड्डे सडलेले मला बी बगवायचे न्हाईत. मी येते. पर पयला हात तुमचा.”

“मी कशी…”

“तुमच्या सुतकात मी एकटीनं हात घालू? उद्या काय उनं-दुनं झालं, पीक गेलं, कुनी आजारी पडलं, तर गाव काय म्हनंल? तिला कुटं सुतक हाय, तिनंच बाटवलं म्हनंल. आन् तवा तुमी बी गप बसाल. बसाल का न्हाई? खरं सांगा.”

अनसाबाईनं खरं सांगितलं नाही, पण खोटंही सांगितलं नाही.

“तुमचा हात आदी,” सुमनबाई म्हणाली. “मग मी. आन् आतच बसनार. तुमच्या शेजारी.”

“चारच दिस ऱ्हायलेत गं दहाव्याला.”

“मला कामून सांगायलाव? गड्ड्याला सांगा तसं.”

*

परतीची वाट तीनशे पावलांची. त्या वाटेवर अनसाबाईनं नवऱ्याला मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या. हात वर करून गेलास. कुणाला सांगून नाही गेलास. आता तुझा जीव अडकवू का तुझे गड्डे सडवू, ते तरी सांग.

सुमनबाई चार पावलं मागून येत होती. घाई करत नव्हती, थांबतही नव्हती.

*

कडी काढली.

आत उकडत होतं. अनसाबाईनं देवळीकडे पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. कडेचे दगड सरकवले. वरचं घोंगडं धुळाप्पाचं होतं. काळं, एका कोपऱ्याला रफू केलेलं. तिनं त्याच्याखाली हात घातला.

ओलं होतं. आणि ऊबदार. व्यायला आलेल्या मेंढीच्या पोटाला हात लावावा तसं. क्षणभर तिला वाटलं की खाली काही तरी जिवंत आहे.

तिनं दोन्ही घोंगडी ओढून उंबऱ्यापाशी टाकली. वरच्या क्रेटमध्ये हिरवट बुरशीचं लेणं चढलं होतं. तिनं डोळे मिटले नाहीत. एक गड्डा उचलला, अंगठा त्याच्या बुडाशी दाबला. अंगठा आत गेला.

“मेलं,” ती म्हणाली.

तिचा पहिला हात लागून झाला होता.

सुमनबाईनं चपला बाहेर काढल्या, उंबरा ओलांडला आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसली.

*

मेलं. मेलं. जितं.

मेलं.

ह्याचं साल काडून बग. आत कोरडं हाय का?

कोरडं.

मग जितं.

मेलं. मेलं. मेलं. नगं अक्का, बाजूला नगं ठिवू, बाहीर टाका, त्याचा वास बी लागतो.

पिलू.

पिलू.

हे अर्दं हाय.

अर्दं नसतंय. एक तर जितं न्हाई तर मेलं.

जितं म्हन की गं.

म्हनलं आसतं. हातात घिऊन बगा.

…मेलं.

*

सिद्धराम आला तेव्हा चौदा क्रेट झाले होते. दारात उभा राहून त्यानं आधी भावजयीकडे, मग सुमनबाईकडे, मग देवळीकडे पाहिलं.

“अनसा! काय करायलीस?”

“निवडायले.”

“सुतकात? आन् हिला आत…” पुढचं त्यानं गिळलं. “त्याचा जीव अडकंल म्हनून सांगितलं व्हतं का न्हाई मी?”

“सांगितलं व्हतं, भावजी.” अनसाबाईनं पदर सावरला, पण हात थांबवला नाही. “अडकला तर माज्यापाशी अडकंल. तुमाला त्रास देनार न्हाई तो.”

“पाप हाय हे.”

“आसंल.”

सिद्धरामला भांडायला माणूस हवं होतं आणि समोर दोन बायका गड्डे तोलत होत्या. त्यानं बाहेरच्या ढिगाकडे पाहिलं. काळपट, चिकट, माशा बसलेला ढीग. तो केवढा आहे हे त्याला आताच दिसलं.

“आवं, येवडं कशानं सडलं?” त्याचा आवाज खाली आला. “गोदामातनंच खराब आलं आसंल.”

अनसाबाईनं पुढचा गड्डा उचलला. बोलली असती तर दिरावर आळ आला असता. न बोलली तर गोदामावर. सुमनबाईनं मात्र मान वर केली. त्या गोदामात तिनं नऊ वर्षं घातली होती.

“गोदामातनं बरं आलं व्हतं, सिद्धराम अण्णा. माज्यासमोर उतरवलं. उबेनं सडलं. घोंगड्यानं.”

सिद्धराम खाली वाकला, दोन्ही घोंगडी उचलली, त्यांचा ओला भार छातीशी धरला आणि ती बाभळीच्या कुपाटीवर वाळत घालायला गेला. घालून आला. आत नाही आला. उंबऱ्याच्या पलीकडे, ओसरीखाली, जिथं सात वर्षं सुमनबाई बसत होती तिथं, आत पाठ करून बसला.

बऱ्याच वेळानं त्यानं ढिगातला एक गड्डा उचलला. तळहातावर ठेवून हात वरखाली केला.

“हे कामून टाकलं?” तो पाठमोराच म्हणाला. “हे जड लागतंय.”

दोघी थांबल्या. सुमनबाईनं हात पुढे केला. सिद्धरामनं गड्डा उंबऱ्यावर ठेवला, तिच्या हातात दिला नाही. तिनं उंबऱ्यावरून उचलला, तोलला, साल सोलून नखानं टोकरलं.

“पानी धरलंय आतनं,” ती म्हणाली. “म्हनून जड. मेलंय.”

तो उठला नाही.

*

संध्याकाळी जित्यांचे सात क्रेट निघाले. पिलांच्या दोन टोपल्या. जिते गड्डे त्यांनी बाजांवर आणि जमिनीवर एकाच थरात पसरले, एकाला एक लागणार नाही असे, डोळा आभाळाकडे. बावीसचे सात. धुळाप्पाची पाच-सहा वर्षं मागं गेली होती, पण जात बुडाली नव्हती.

सिद्धराम कधी उठून गेला ते कळलं नाही. दहाव्याला तो बोलेल का, पुढ्यात बसून जेवेल का, भावकीत काय सांगेल, हे अनसाबाईला ठाऊक नव्हतं. धुळाप्पाचा जीव कुठं आहे हेही ठाऊक नव्हतं. तिनं हात हुंगले. वास जाणार नव्हता, चार दिवस तरी.

सुमनबाई गुडघ्यांवर हात टेकून उठली. कंबर धरली.

“उद्या परत हात घालावा लागंल,” ती म्हणाली. “आज बरं वाटलं त्यातलं बी काई जाईल. सकाळच्याला येते.”

“ये. मी आदीच बसलेली आसन.”

“आन् रातभर दार उगडं ठिवा. हवा लागू द्या.”

“मांजर येतंय गं.”

“मग कुटं मोठं काय घिऊन जाईल ते.”

ती निघून गेली. अनसाबाईनं दार लोटलं नाही.

ह्या खोलीच्या भिंतींना सोळा वर्षांपूर्वी गिलावा केला तो सुमनबाईच्या नवऱ्यानं, तात्यारावानं; चौकटीला दार आणि देवळीत बिरोबा बसला त्या दिवसानंतर तो आत गेला नव्हता.