नऊ ते अकरा विश्रांती

रकाना १. अभ्यासक्रमाचे नाव

खाटेवरच्या माणसाची पाठ कशी जपावी. (खोडलं.)

दीर्घकाळ शय्याग्रस्त रुग्णांच्या त्वचेच्या अखंडतेचे समग्र व्यवस्थापन. (राहिलं.)

नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा. "एवढं नाव वाचून होईपर्यंत पेशंटच्या पाठीला फोड येईल," पाठवाल्या सिस्टर म्हणाल्या. समोर बसलेले संस्थेचे समन्वयक हसले नाहीत. अर्ज समोर असला की ते कधीच हसत नसत. म्हणून तर सिस्टरांनी मनातल्या मनात त्यांचं नाव रकानेबुवा ठेवलं होतं.

पाठवाल्या सिस्टर हेही काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. एकतीस वर्षं त्यांनी वॉर्डात काढली, आणि राउंडला आल्या की फाइल उघडायच्या आधी पेशंटला कुशीवर करून पाठ बघायच्या. निवृत्तीनंतर महिन्यातून एकदा, नर्सिंग संस्थेच्या मागच्या हॉलमध्ये, त्या हेच शिकवत. मग नियम आला. नर्सला नोंदणी टिकवायची तर दरवर्षी ठरावीक पॉइंट हवेत, आणि पॉइंट मिळणार ते फक्त मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाचे. बिनपॉइंटाच्या वर्गाला कुठलंही हॉस्पिटल माणूस सोडेना. गेल्या महिन्यात चौघी आल्या होत्या, त्यातली एक चुकून. मान्यता आली नाही तर वर्ग बंद आणि हॉल दुसऱ्याला, असं संस्थेने कळवून टाकलं होतं.

रकाना ४. उद्दिष्टे (मोजता येतील अशा शब्दांत)

हा रकाना घरी, जेवणाच्या टेबलावर, सुनेच्या लॅपटॉपवर भरला गेला.

"आई, 'समजेल' चालत नाही म्हणे," सून म्हणाली. "त्यांनीच यादी दिलीय. 'सांगेल', 'वर्गीकरण करेल', 'नमूद करेल'."

"आणि 'लाज वाटेल'?"

"ते यादीत नाही."

"मग माझा अर्धा कोर्स गेला."

सुनेने टाइप केलं : प्रशिक्षणार्थी शय्याव्रणाची चार लक्षणे नमूद करेल.

"नमूद करेल," सिस्टर म्हणाल्या. "पेशंटची पाठ सडतेय आणि ही बया नमूद करतेय."

"मी फक्त टाइप करतेय हं."

"तुला नाही गं. पुढचं घे."

रकाना ७. वेळापत्रक

इथे घोडं अडलं.

सिस्टरांचा वर्ग सुरू व्हायचा तो असा. नऊ वाजता सगळ्यांनी पाठीवर पडायचं. खाली मेणकापड, वर एक चादर, पातळ उशी. दोन तास हलायचं नाही. नाक खाजलं तर सांगायचं. सिस्टरांच्या मनात आलं तर त्या खाजवतील, नाही आलं तर नाही. पहिली वीस मिनिटं हसण्यात जातात. चाळिसाव्या मिनिटाला टाचा बोलायला लागतात, मग माकडहाड, मग खवाटे. तासाभराने तिशीतली धडधाकट माणसं हळू आवाजात म्हणतात, "सिस्टर, जरा..." सिस्टर ऐकू न आल्यासारखं करून पुढे जातात, वॉर्डात आपण सगळे जातो तसं. अकराला कूस बदलून देतात. दर दोन तासांनी कूस बदलावी हे प्रत्येक पुस्तकात आहे. दोन तास म्हणजे किती, ते कुठल्याच पुस्तकात नाही.

"झोपणं ही अध्ययनकृती होत नाही, मॅडम," रकानेबुवा म्हणाले.

"झोपणं नाही, पडून राहणं. तुम्ही कधी राहिलायत?"

"समितीला कृती लागते. आपण व्हिडिओ टाकू. कूस बदलण्याचे टप्पे, बावीस मिनिटं. नंतर पाच प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय."

"आणि उरलेला वेळ?"

"प्रास्ताविक."

सिस्टरांना ही प्रास्ताविकं ठाऊक होती. तासभर एक माणूस सांगतो की आपण पुढे काय सांगणार आहोत, आणि लोक माना डोलावत डुलक्या काढतात. ती मात्र अध्ययनकृती.

त्यांनी वेळापत्रकावर बोट फिरवलं. "ही विश्रांती किती लावता येते?"

"कितीही. पॉइंटांत धरत नाहीत, म्हणून मर्यादा नाही."

"विश्रांतीत काय करतात, ते विचारतात?"

"विश्रांतीत काय विचारायचं?"

सिस्टरांनी पेन उचललं. नऊ ते अकरा, विश्रांती. अकरा ते पाच, व्हिडिओ, प्रश्न, जेवण आणि बाकीचं सगळं, जे त्यांना हवं ते.

"दिवसाची सुरुवातच विश्रांतीने?"

"रात्रपाळी करून येतात बिचाऱ्या," सिस्टर म्हणाल्या, आणि चेहरा अगदी गरीब ठेवला.

रकाना १२. फक्त कार्यालयीन उपयोगासाठी

"मान्य. पॉइंट पाच. प्रशिक्षणार्थींच्या स्वास्थ्याचा इतका बारकाईने विचार केलेला हा समितीपुढील पहिलाच अर्ज. विश्रांतीचे हे नियोजन इतर संस्थांनी अनुकरणीय मानावे."

सिस्टरांनी हे सुनेला वाचून दाखवलं, मग मुलाला, मग फोनवर धाकट्या बहिणीला. "उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना शेळी दिसत नाही, एवढं मला माहीत होतं," त्या बहिणीला म्हणाल्या. "ह्यांना खालचा उंटपण दिसला नाही."

(इथून पुढे अर्जात रकाना नाही.)

अडतीस जण आले. बारा खाटा, बाकीच्यांना जमिनीवर गाद्या. नऊच्या ठोक्याला सिस्टर म्हणाल्या, "पडा पाठीवर. अकरापर्यंत हलायचं नाही."

पुढच्या रांगेतल्या एका स्टाफ नर्सने हातातलं वेळापत्रक वर केलं. मनगटावर पुरुषी, मोठं घड्याळ. "सिस्टर, आत्ता विश्रांती आहे."

"तीच ही."

"पण विश्रांतीत सक्ती करता येत नाही. मागच्या बाजूला छापलंय. नियम नऊ."

छापलं होतं. रकानेबुवांनी लॅमिनेट करूनसुद्धा दिलं होतं.

कोणी उद्धटपणे वागलं नाही. सगळे शिस्तीत उठले, व्हरांड्यात गेले, चहाच्या थर्मासभोवती जमले. हॉलमध्ये बारा खाटा आणि सिस्टर. समितीला मूर्ख म्हणताना त्यांची जीभ आठवडाभर दुखली नव्हती. आता तीच विशेषणं त्यांनी एकेक करून स्वतःला लावून बघितली. बसत होती. सरळ भांडल्या असत्या तर निदान भांडण तरी पदरात पडलं असतं.

रकानेबुवा दारातून डोकावले. "प्रतिसाद उत्तम आहे, मॅडम. अकराला व्हिडिओ लावतो."

सिस्टरांनी चपला काढल्या आणि मधल्या खाटेवर पाठ टेकली.

अकराला लोक परत आले, खुर्च्या ओढल्या, पडद्याकडे तोंड करून बसले. सिस्टर उठल्या नाहीत.

"सिस्टर, बरं नाही का?" घड्याळवालीने विचारलं.

"नऊपासून हलले नाही. आता तुमची विश्रांती संपली. कूस बदला माझी."

कोणी बदलायची यावर आधी कुजबुज. मग चौघं पुढे आले आणि त्यांनी दंडाला धरून ओढलं.

"ओढू नका," सिस्टर दातांतून म्हणाल्या. "चादरीवर कातडी घासतेय. उचला." आवाज त्यांना हवा होता तेवढा खणखणीत आला नाही. बासष्ट वर्षांचं माकडहाड, दोन तास. "टाच बघा. लाल आहे?"

"आहे," घड्याळवाली म्हणाली.

"अंगठ्याने दाबा. सोडा. पांढरी होतेय?"

"नाही."

"पुन्हा."

तिने पुन्हा दाबलं. मागचे खुर्च्यांवरून उठून जवळ आले होते. पडद्यावर संस्थेचं बोधचिन्ह गोल गोल फिरत होतं, आणि रकानेबुवा रिमोट धरून उभे होते.

"नाही होत," घड्याळवाली म्हणाली. अंगठा तिने तसाच ठेवला. "व्रणाची सुरुवात, दोनच तासांत?"



घड्याळवालीने मनगटाकडे पाहिलं, मग खिशातून फोन काढला आणि भिंतीशी जाऊन वॉर्डाला लावला.

"मी बोलतेय. सात नंबरच्या आजोबांना कुशीवर कधी केलं?" ती थांबली. "नाही, चार्टवर काय लिहिलंय ते मला माहीत आहे, मीच लिहिलंय. तू जाऊन बघ. मी फोन धरून आहे."