मैलाची शर्यत

निजामी राज्य गेलं आणि त्याच थंडीत कळमनुरीला आसपासच्या शाळांचे सामने ठरले. एका पोराला दोनच शर्यतींत उतरता येणार होतं. व्यंकटराव मास्तरांनी भावसिंगला न विचारताच मैलाच्या आणि अर्ध्या मैलाच्या शर्यतीत धरलं होतं. तांड्यावरून रोज पळतच शाळेत येणारं पोरगं ते. त्याचा दम सगळ्यांना ठाऊक होता.

"मास्तर, मला शंभर यार्डांत घाला," भावसिंग म्हणाला.

"काहून? तुझं अंग तापेस्तोवर ती संपून जाईल की."

"संपू द्या."

मग मास्तरांच्या ध्यानात आलं. शंभर यार्ड म्हणजे किसनसिंगची शर्यत.

त्याआधीच्या उन्हाळ्यात निजामाच्या बंदूकवाल्यांची टोळी तांड्याकडे निघाल्याची खबर बाजारात लागली, तेव्हा भावसिंग आणि त्याचा जिवलग किसनसिंग दोघंही तांड्याला सावध करायला माळावरून पळत सुटले होते. किसनसिंग सुटायचा वाऱ्यासारखा, पण लांबवर त्याचा दम टिकत नसे. ओढ्यापाशी तो खाली बसला. "तू पळ, मी येतो," म्हणाला. भावसिंग थांबला नाही. तांडा वेळेवर रानात पांगला, माणसं वाचली. किसनसिंग तेवढा टोळीच्या हाती लागला. त्याला ओढ्याकाठीच माती दिली.

"लांब पळालो की मागून पावलं वाजतेत, मास्तर," भावसिंग खाली बघत म्हणाला.

"नावं उद्या द्यायचीत," मास्तर म्हणाले. "तूच ठरव. माझी जबरदस्ती न्हाई."

संध्याकाळी भावसिंग किसनसिंगच्या आईच्या दारात जाऊन उभा राहिला. उन्हाळ्यापासून तो त्या वाटेनंही फिरकला नव्हता. जिवनबाई ज्वारी पाखडत होती. त्यानं सगळं सांगितलं आणि विचारलं, "काकी, कशात उतरू?"

सूप थांबलं.

"त्याची शर्यत तू पळाल्यानं तो येणार हाय का?"

"न्हाई."

"मंग? तो तुला थांब न्हाई म्हनला. पळ म्हनला." तिनं सूप बाजूला ठेवलं. "मला राग हाय तुझा, भावसिंग. खोटं काहून बोलू? पण माझी धाकटी पोरगी तुझ्यामुळंच जित्ती हाय. कशातबी पळ, पण माझ्या लेकराच्या नावानं मुद्दाम हरू नको."

भावसिंगनं मैलाची शर्यत घेतली. शंभर यार्डांचं नाव काढलं नाही, अर्ध्या मैलालाही नाही म्हणाला.

सामन्याच्या दिवशी तो लवकरच सगळ्यांच्या पुढं निघाला. शेवटच्या वळणावर मागून पावलं आली. ही खरीच होती, जवळा बाजारच्या शाळेतल्या एका पोराची. भावसिंगनं मान वळवली, त्याचे पाय मंदावले, आणि ते पोरगं पुढं निघून गेलं. भावसिंग दुसरा आला.

रेघ ओलांडून तो खाली बसला आणि हमसून हमसून रडला. माती देतानाही तो रडला नव्हता. हरला म्हणून रडतोय, असं लोकांना वाटलं. मास्तरांनी कुणाला काही सांगितलं नाही. त्याचं रडू ओसरेपर्यंत ते जवळ बसून राहिले.

तांड्यावर परतताना तो जिवनबाईच्या दारावरून गेला. कितवा आलास, असं तिनं विचारलं नाही.

"भाकर खाऊन जा," ती म्हणाली.

तो आत जाऊन बसला.